मामांना बीअर चाखायला नेलं, त्याची गोष्ट (आणि चवींना मराठी शब्द हवेत)

पाणचक्की

गेल्या शनिवारी मुंढव्यातल्या एका पबमध्ये क्राफ्ट बीअरचा टेस्टिंग फेस्टिव्हल होता. पबचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाही. जाणार होतो मी आणि नवरा. पण त्याच आठवड्यात कराडजवळच्या गावाहून आमचे मोठे मामा मोतीबिंदूच्या तपासणीला आले होते. वय ६९, डोक्यावर टोपी, वर्षातून दोनदा 'थोडीशी' घेणारे. त्यांना घरात एकटं टीव्हीसमोर बसवून आपण बीअर प्यायला जाणं बरं दिसेना. विचारलं तर म्हणाले, "चला की. बघू तरी शहरात काय पितात."

दारात वयाचा पुरावा मागितला. २१ पूर्ण आहेत का, असं मामांना विचारल्यावर ते इतके खूश झाले की पुढचे चार तास तेच सांगत होते. मग पाच रुपयांच्या एक दिवसाच्या परवान्याचा कागद भरला. "गावाकडं हे कुणी विचारत न्हाय," असा शेरा.

तिकिटात आठ कुपनं आणि काचेचा एक छोटा ग्लास. एका कुपनावर ९० मिली. अंगणात ओळीने १८ नळ, प्रत्येकामागे ती बीअर बनवणारा माणूस नाहीतर त्याचा मदतनीस. पाटी वाचायची, निवडायचं, चाखायचं, ग्लास विसळायचा, पुढच्या नळावर जायचं.

मी दहा वर्षं बीअर पितेय. माझ्याकडे चवीचे शब्द तीन: कडू, गार, मस्त. पाटीवर लिहिलेलं 'बिस्किटी', 'रेझिनस', 'स्टोन फ्रूट' वाचून मी मान डोलवत होते. मामांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे ते पाटी न वाचता सरळ चाखत होते. आणि त्यांनी जे शब्द काढले ते मी मोबाईलवर टिपून ठेवले. तेच इथे देते.

हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची गढूळ बीअर): "शिकरणात लवंग पडलीय." मी परत चाखली. शब्दशः शिकरण!

आयपीए (इंडिया पेल एल, फिकट रंगाची कडवट बीअर): "पाडव्याचा कडुलिंब." मग थांबून, वास घेऊन, "पण वास कडुलिंबाचा न्हाय. पपनस सोलल्यावानी. आणि आंब्याची डहाळी मोडल्यावर चीक येतो न्हवं, तसा."

कोकम आणि मीठ घातलेली आंबट बीअर: "हे आमसुलाचं सार. फोडणी राहिली फक्त." ही त्यांना सगळ्यात जास्त आवडली. दोन कुपनं तिच्यावरच गेली.

साधी लागर: "मोड आलेलं धान्य वाळत घातल्यावर घरभर सुटतो तो वास." इथे मला उमगलं की मॉल्ट म्हणजे तेच तर आहे. बार्लीला मोड आणायचे आणि वाळवायचे, आपण नाचणीच्या सत्त्वासाठी करतो तसं. इतकी वर्षं 'मॉल्ट' हा शब्द मी कुठल्या तरी परदेशी पावडरीचं नाव समजून वापरत होते.

आणि मग स्टाउट. काळीकुट्ट. मामांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आणि नळामागच्या मुलाला विचारलं, "ह्यात काकवी हाय का?"

मुलगा म्हणाला, नाही, ती भाजलेल्या बार्लीची चव. मामा ऐकेनात. "काकवी न्हाय तर मग काहिलीच्या बुडाला लागलेली खरड. मी तीस वर्षं गुऱ्हाळ चालवलंय, मला सांगू नका." मुलगा हसला आणि नळावर दुसऱ्याला उभं करून स्वतः बाहेर आला.

पुढचा अर्धा तास ते दोघं उभे राहून बोलत होते आणि मी दुभाषी. मामांनी विचारलं, रस किती वेळ उकळता? तो म्हणाला, तास ते दीड तास. हॉप्स (बीअरमध्ये टाकतात ती एका वेलीची फुलं) सुरुवातीला टाकले तर कडवटपणा येतो, शेवटी टाकले तर वास राहतो. मामा म्हणाले, मसाल्याचंही तेच. मग विचारलं, मळी कशी काढता? तो गडबडला. मी समजावलं: उकळताना वर फेस येतो, घाण येते, ती. मामा म्हणाले, आम्ही भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतो, सगळी मळी गोळा होऊन वर येते, गुळव्या ती काढून टाकतो, तरच गूळ स्वच्छ होतो. यावर त्या मुलाचे डोळे एवढे मोठे झाले. त्याने फोनवर एक फोटो दाखवला: समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ, आयरिश मॉस. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत टाकतात. त्याने प्रथिनं एकत्र गोळा होतात, फक्त वर न येता खाली बसतात, आणि बीअर नितळ होते.

"म्हंजे तुमची समुद्राची भेंडी," मामा.

आता तक्रारी. पाच वाजता डीजे सुरू झाला, त्यानंतर कोणाचं काही ऐकू येईना. इतकी माहीतगार माणसं नळामागे उभी करायची आणि त्यांचा आवाज बुडवायचा, हे कोणाच्या डोक्यातून येतं? दुसरं, ग्लास विसळायला एकच नळ, आणि तिथे कोणी तरी साबणाचं पाणी ठेवलेलं, त्याचा वास पुढच्या दोन बीअरना. तिसरं, सगळं बर्फासारखं गार. मामा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसत होते. मला वाटलं वयामुळे, तर म्हणाले, "गार असलं की जिभेला कळत न्हाय."

तर प्रश्न असा: तुम्ही बीअरच्या (किंवा वाइनच्या, चहाच्या) चवी मराठीत कशा सांगता? आणि कोणी अशा फेस्टिव्हलला गेलं असेल तर अनुभव लिहा.

तिखटमीठ

मामा झिंदाबाद. 'काहिलीच्या बुडाची खरड' हे कुठल्याही पाटीवर लिहावं असं आहे.

माझा कळीचा प्रश्न: खायला काय होतं?

पाणचक्की

फ्राइज, चिकन विंग्ज, फ्राइज, पिझ्झा, फ्राइज. मामांनी पिशवीतून घरचे भाजलेले शेंगदाणे काढले. शेजारच्या टेबलावरची पोरं मागायला आली.

गावठी गणिती

हिशेब करून देतो, कारण 'छोटे छोटे ग्लास' या शब्दांनी लोक फसतात. आठ गुणिले ९० म्हणजे ७२० मिली. बाजारातली मोठी बाटली ६५० ची. सरासरी साडेपाच टक्के धरले तर जवळजवळ ४० मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे ६० मिलीच्या पेगात साधारण २६ मिली. तात्पर्य, आठ 'चाखण्या' म्हणजे दीड मोठा पेग. गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रिक्षाने गेलात ना?

पाणचक्की

रिक्षाने गेलो, रिक्षाने आलो. येताना रिक्षावाल्याला मामांनी २१ वर्षांची गोष्ट सांगितली.

थेम्सकाठी

छान धागा. मी इंग्लंडमध्ये गेली चौदा वर्षं आहे, त्यामुळे असे फेस्टिव्हल भरपूर बघितले. इथे मोठे असतात तसे अगदी गल्लीतल्या पबच्या मागच्या अंगणातही असतात, आणि मला तेच जास्त आवडतात.

पहिला फरक म्हणजे नळ नसतो. पिंपं असतात, आडवी ठेवलेली, लाकडी घडवंचीवर. घडवंची हाच शब्द योग्य, आजीच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्याखाली असायची तशीच दिसते. पिंप एक-दोन दिवस आधी आणून हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. याला 'रिअल एल' म्हणतात. वरून गॅस भरलेला नसतो, पिंपातच यीस्ट जिवंत असतं आणि जो काही फेस आहे तो त्याचाच. १९७० च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांनी सगळीकडे गॅसवाली, गाळलेली बीअर आणली तेव्हा काही पिणाऱ्यांनी चिडून १९७१ मध्ये 'कॅमरा' नावाची संघटना काढली. आजही बरेच फेस्टिव्हल त्यांचे स्वयंसेवक चालवतात. निवृत्त मास्तर, पोस्टमन असे लोक पिंपामागे उभे असतात आणि एका घोटावर वीस मिनिटं बोलतात. डीजे नाही हो, शपथेवर सांगतो.

दुसरं, मामांचं गारपणाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं. ही बीअर तळघराच्या तापमानाला, म्हणजे ११ ते १३ अंशांना देतात. भारतातून आलेले पाहुणे पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, 'गरम आहे' म्हणून. तिसऱ्या ग्लासापर्यंत गप्प होतात.

तिसरं, ग्लासवर रेघा असतात: तिसरा हिस्सा, अर्धा, पूर्ण पाइंट. पाइंट ५६८ मिली, म्हणून तिसरा हिस्सा १८९ मिली. मी तो मागतो. सुरुवातीला बायकोने चिडवलं, आता ती स्वतः तोच मागते.

तिखटमीठ

@थेम्सकाठी, गाळ खाली बसतो म्हणालात, तो आपोआप? की तिकडेही भेंडी?

थेम्सकाठी

इथे थोडा धक्का बसेल. परंपरेने पिंपात 'आयसिंग्लास' टाकतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. यीस्ट त्याला चिकटून तळाशी जातं. यीस्टबरोबर खाली बसतं म्हणून ग्लासात फारसं येत नाही, पण शाकाहारी मंडळी आता विचारतात. गिनेस या आयरिश स्टाउटवाल्या कंपनीनेही काही वर्षांपूर्वी ते वापरणं बंद केलं. बरेच छोटे ब्रूअर 'व्हीगन' असं पाटीवर लिहितात किंवा बीअर गढूळच विकतात.

तिखटमीठ

मी शनिवारी मांसाहार करत नाही आणि लंडनला असताना दर शनिवारी पबमध्ये जायचे. आईला सांगू नका.

बिनसाखरेचा

सगळे मजेत आहेत, मी रंगाचा भंग करतोय. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरात एक माणूस दारूने गेला, त्यामुळे 'चव', 'कला', 'फेस्टिव्हल' हे शब्द बाटलीला लागलेले दिसले की मला त्रास होतो. त्याचीही सुरुवात मित्रांबरोबर 'नुसतं चाखण्या'नेच झाली होती. धागाकर्तीवर राग नाही. एवढंच विचारतो की तिथे आठ कुपनं संपल्यावर आणखी विकत मिळत होती का?

पाणचक्की

मिळत होती. आणि खरं सांगते, सात वाजल्यानंतर जे लोक होते ते चाखत नव्हते, पीत होते. एक मुलगा भिंतीला टेकून बसलेला होता, त्याच्या मित्रांनी त्याला पाणी पाजलं. आयोजकांपैकी कोणी तिकडे बघितलं नाही. पाणी फुकट होतं पण ते शोधावं लागत होतं. हे वर लिहायला हवं होतं, मामांच्या गमतीत राहून गेलं. तुमच्या घरच्या गोष्टीबद्दल फार वाईट वाटलं.

बिनसाखरेचा

उत्तराबद्दल आभार. शिकरण आणि लवंग मात्र डोक्यातून जाईना.

ओरेगॉनकर

घरी बीअर बनवतो (अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने परवानगी आहे, भारतात करून बघू नका), त्यामुळे मामांच्या जिभेची थोडी वैज्ञानिक बाजू.

शिकरण आणि लवंग दोन्ही खरोखर त्या ग्लासात असतात, म्हणजे त्यांचे रेणू असतात. हेफेवायझनचं यीस्ट आयसोअमिल ॲसिटेट तयार करतं, केळ्याच्या वासाचा मुख्य भाग तोच. आणि ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचं दुसरं संयुग तयार होतं, त्याचा वास लवंगेसारखा. बीअरमध्ये केळं नाही, लवंग नाही, सगळं यीस्टचं काम. आंबवण्याचं तापमान वाढलं की सहसा केळं वाढतं, कमी ठेवलं की लवंग पुढे येते.

आंब्याच्या डहाळीचं तर मी खुर्चीतून उठून वाचलं. हॉप्सच्या तेलात मिरसीन नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि तेच आंब्यातही असतं. चीक, पानं, कैरीचं देठ, त्या हिरव्या वासात ते आहे. इथल्या परीक्षक मंडळींना हे शिकवायला वर्ग घ्यावे लागतात, मामांनी एका घोटात काढलं.

साबणाच्या ग्लासाबद्दल: साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो आणि ग्लासाच्या भिंतीला बुडबुडे चिकटलेले दिसतात. पुढच्या वेळी असे बुडबुडे दिसले की ग्लास परत द्या. आणि चवीत लोणी किंवा बटरस्कॉच आलं तर तो बहुतेक वेळा दोष असतो, आंबवणं नीट पूर्ण न झाल्याचा किंवा नळाच्या नळ्या न धुतल्याचा. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बीअर उन्हात राहिली की स्कंकसारखा घाण वास येतो, तो प्रकाशाने हॉप्स बिघडल्याचा. लोक तोच 'इम्पोर्टेड' वास समजतात!

गावठी गणिती

स्कंक हा प्राणी आपल्याकडे नाही. मराठी शब्द सुचवा.

ओरेगॉनकर

करपलेलं रबर आणि त्यात थोडा कुजका लसूण. मामांना विचारा.

देवळालीकर

पुण्याच्या क्राफ्ट बीअरबद्दल बोलणं चाललंय आणि अजून कोणी आमच्या गावाचं नाव घेतलं नाही, म्हणून आलो. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी. ते नाव म्हणजे नाशिकजवळचं देवळाली! इंग्रजांची तिथे लष्करी छावणी होती. नोकरी संपलेले सोल्जर बोटीची वाट बघत महिनोन् महिने तिथे पडून असायचे. काम नाही, ऊन, ताप, दारू. डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' आलं, म्हणजे वेड लागणे. आणि त्यातला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! आता त्याच नावाच्या पबमध्ये टॅपमधून बीअर येते. याहून चांगली कोटी कोणी केलेली मी तरी ऐकली नाही.

आयपीए हीसुद्धा अशाच तहानलेल्या सोल्जरांसाठी शोधली ना?

थेम्सकाठी

@देवळालीकर, अर्धं खरं. जास्त हॉप्सची फिकट बीअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या पूर्वेला बो भागात हॉजसन नावाचा ब्रूअर होता, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटायची त्या गोदीच्या जवळ. कप्तान त्याच्याकडून उधारीवर माल उचलायचे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या प्रवासात ती बीअर उलट मुरून चांगली व्हायची. पुढे इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रूअरनी बाजार काबीज केला, त्यांचं पाणी जिप्समचं, कडवट बीअरला पोषक. आणि ही महाग बीअर प्यायचे ते साहेब लोक. साधा सोल्जर बहुधा काळी पोर्टर प्यायचा, तीही जहाजाने भरपूर यायची. म्हणजे तुमच्या देवळालीच्या बराकीतल्या ग्लासात मामांची काहिलीची खरड असण्याची शक्यता जास्त.

म्हापशेंकार

तुमचं बीअरपुराण चालू द्या. आमच्याकडे मार्च-एप्रिलात उर्राक येतो, काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची. त्यात लिम्का, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. चवीला शब्द लागत नाहीत, नुसतं 'आह' पुरतं.

तिखटमीठ

@म्हापशेंकार, 'आह' मराठी की कोंकणी?

उंबरठा

थांबा थांबा. टोपीवाले आजोबा? शेंगदाणे? मी शेजारच्या टेबलावर होतो! शेंगदाणे मागायला आलेला चष्मेवाला मीच. पाणचक्की, तुम्ही पिवळ्या कुर्त्यात होतात ना? तुम्ही निघून गेल्यावर तो स्टाउटवाला मुलगा येणाऱ्या प्रत्येकाला भेंडीची गोष्ट सांगत होता, डीजेवर ओरडून. मला ऐकू आलं ते असं की बीअरमध्ये भेंडी असते. मी दोन दिवस मित्रांना तेच सांगतोय.

आणि कोकमवाली साडेसहाला संपली. तुमच्या मामांनी दोन ग्लास प्यायले हे आज कळलं. हिशेब लागला.

पाणचक्की

हो, पिवळा कुर्ता मीच. कोकमाबद्दल मामांच्या वतीने माफी.

धागा मामांना फोनवर वाचून दाखवला. मिरसीनचं ऐकून म्हणाले, "त्याला नाव काय बी असू दे, आंब्याच्या झाडाखाली झोपलेल्या माणसाला कळतंच." स्कंकला त्यांनी शब्द दिलाय, पण संपादक उडवतील.

आणि एक बातमी. त्या मुलाने माझा नंबर घेतला होता, काल त्याचा मेसेज आला. पुढची स्टाउट त्याला खरंच काकवी घालून करायची आहे, मामांकडून मिळेल का विचारतोय. मामांचं गुऱ्हाळ आता चुलतभाऊ चालवतो. मामांनी लगेच उलट विचारलं: किती किलो, कधी, आणि बिगरकेमिकल पाहिजे का भेंडीवाली पाहिजे ते आधी सांगा, दोन्ही एकच आहे असं समजू नका. मुलाने लिहिलं, पुढच्या आठवड्यात दहा किलो. मामा म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ऊस काय तुझा आजा तोडणार? हंगाम दिवाळीनंतर."

हे मी त्याला जरा सौम्य करून कळवलंय.

तिखटमीठ

दिवाळीनंतरच्या शनिवारी माझं तिकीट धरा. फ्राइज खाईन, पण ग्लास मामांच्या हातचा, कोमट केलेला.